माती तपासायला एवढं शिकायचं?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातली. बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं साडेचार एकर रान आहे, ऊस असतो. त्यातलं नदीकडचं दोन एकर गेल्या काही वर्षांत क्षारपड झालंय. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. बाबांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा जिप्सम टाकलं, फरक पडला नाही. हे बघूनच मातीवर संशोधन करायचं मनात आलं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मृदा शास्त्रज्ञ होता येतं का, की कृषी पदवीच लागते? कामात नेमकं काय करावं लागतं आणि पैसे किती मिळतात? मामा म्हणतात, ‘माती तपासायला एवढं शिकायचं? पिशवी बांधून दिली की रिपोर्ट येतो.’ आईला काळजी, की मुलीला रानोमाळ हिंडावं लागेल.

उत्तर : पदवीचा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे चूक झाली तर ती पुढे निस्तरत नाही.

‘मृदा शास्त्रज्ञ’ या एका शब्दामागे दोन वेगळी दारं आहेत. पहिलं कृषीचं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ‘मृदाविज्ञान व कृषी रसायनशास्त्र’ हा एम.एस्सी.चा विषय आहे, पण त्यासाठी आधी चार वर्षांची कृषी पदवी लागते. राज्याच्या कृषी सेवेतली पदं, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेतले अधिकारी, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक या सगळ्या वाटा याच दारातून जातात. भारतीय कृषी संशोधन परिषदेची शास्त्रज्ञ भरती विषयवार होते आणि त्यात मृदाविज्ञानाला मृदाविज्ञानाचीच पदव्युत्तर पदवी मागतात. ‘मी रसायनशास्त्रात पहिली आले’ हे तिथे चालत नाही. त्याच भरतीत पर्यावरण विज्ञान हा वेगळा विषय असतो. त्याच्या जागा कमी निघतात, पण तो तुला खुला राहू शकतो. गेल्या दोन जाहिराती काढ आणि पात्रतेचा तक्ता स्वतः वाच. क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस.

दुसरं दार पर्यावरणाचं : दूषित जमिनी, कारखान्याच्या सांडपाण्यावर भिजलेली शेतं, कचरा डेपोखालची माती, खाणकाम संपल्यावर जमीन पूर्ववत करणं, मातीतला कर्ब (कार्बन). इथे पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र अशा कुठल्याही वाटेने आलेला माणूस चालतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, म्हणजे घराजवळ सोय आहे. पुढे नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, इतर विद्यापीठं आहेत. पर्यावरण विज्ञान हा विषय यूजीसीच्या नेट या पात्रता परीक्षेत आहे आणि २०२१ पासून गेट या प्रवेश परीक्षेतही पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

मग तू काय करावं? कृषी अधिकारी व्हायचंच असेल तर मागे फिरून चार वर्षांची पदवी घ्यायला हरकत नाही. वीस-एकविसाव्या वर्षी ते परवडतं, पण पुढे दोन वर्षं एम.एस्सी. आहे हे धरून हिशेब कर. तुझ्या पत्रावरून मात्र तुला पद नको आहे, ते दोन एकर का बिघडलं याचं उत्तर हवं आहे. तसं असेल तर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. कर आणि प्रबंध मातीवरच घे. तिसराही एक पर्याय आहे, ज्याला मुलं उगाच कमी लेखतात : विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातली एम.एस्सी. माती, पाणी, अन्न तपासणाऱ्या, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांना यंत्रावर हात बसलेला माणूस लागतो, आणि तो सहज मिळत नाही. रान आवडत असेल तर पर्यावरण घे, यंत्र आवडत असेल तर विश्लेषण. दोन्ही आवडतं असं प्रवेशापूर्वी सगळेच म्हणतात.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी हे काम एकदा करून बघ. जमीन घरची आहे, प्रयोगशाळा कॉलेजची आहे. मामांच्या पिशवीचं उत्तरही त्यातच मिळेल.

दोन एकरांचे तीन भाग पाड : जिथे पांढरं फुटतं तो, जिथे ऊस खुरटतो पण जगतो तो, आणि शेजारचा चांगला. तिन्हींची माती एकमेकांत मिसळायची नाही. सर्वसाधारण खतांच्या तपासणीसाठी दहा-पंधरा ठिकाणची वरची १५ ते २० सेंटिमीटर माती व्ही आकाराच्या खड्ड्यातून घेतात, एकत्र करतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणतात. तुझ्या कामाला ती पद्धत अपुरी आहे. क्षार थरांत बसतात, म्हणून थरांप्रमाणे नमुने हवेत : ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर. प्रत्येक भागात तीन ठिकाणी गिरमिटाने भोक घे आणि त्या तिघांची एकाच खोलीची माती एकत्र कर. तीन भाग गुणिले चार थर, म्हणजे बारा पिशव्या. वरचा पांढरा पापुद्रा खरवडून वेगळ्या पुडीत ठेव, नाहीतर पहिल्या थराचा आकडा तो एकटाच फुगवेल.

बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, पाटाच्या कडेला नमुना घ्यायचा नाही. खत टाकल्यावर दोन-तीन महिने थांबायचं. खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मग पालाश कुठून वाढला हे कोणाला कळत नाही. स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर, सावलीत वाळव. पुढे जस्त, लोह तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि गंजकी पहार दोन्ही बाद. प्रत्येक पिशवीत एक आणि बाहेर एक अशी दोन लेबलं लाव, पेन्सिलने लिहिलेली, कारण ओल्या मातीत शाई पसरते. गट क्रमांक, भाग, खोली, तारीख, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिही. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाबरोबर क्षार वर येतात आणि पावसात खाली जातात. मेमधला आकडा आणि ऑक्टोबरमधला आकडा शेजारी ठेवून ‘जमीन सुधारली’ म्हणणारे अहवाल निघतात, ते याच विसराळूपणातून.

पांढरं फुटतं त्या भागातलं एक भोक दोन मीटरपर्यंत ने, तोंडावर फरशी ठेव आणि दुसऱ्या दिवशी आत पाणी किती खाली आहे ते टेपने मोज. भारी काळ्या जमिनीत पाणी दीड मीटरच्या आत उभं असेल तर केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, ते वर चढत राहतं आणि क्षार मागे ठेवून उडून जातं. हा एक आकडा बारा पिशव्यांइतका बोलका असतो.

वाळलेली माती लाकडी मोगरीने फोड आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढ. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घाल, अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेव आणि सामू (पीएच) घे. माती खाली बसल्यावर वरच्या पाण्याची विद्युत वाहकता घे. विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. सामूचा मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर, म्हणजे सामू ठरलेल्या द्रावणांवर, जुळवायचा. वाहकतेचा मीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर जुळवतात. २५ अंश सेल्सिअसला तो १.४१ डेसिसायमन प्रति मीटर दाखवायला हवा. तापमान एका अंशाने वाढलं तर वाहकता सुमारे दोन टक्के वाढते, म्हणून मेमध्ये पंख्याखाली घेतलेला आकडा तापमान दुरुस्त न करता लिहू नकोस.

आता नवशिक्यांचा हमखास घोटाळा. पुस्तकात लिहिलेलं असतं, की वाहकता ४ च्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त. हा ४ चा आकडा संपृक्त लगद्याच्या अर्काचा आहे, म्हणजे माती जेमतेम भरेल एवढंच पाणी घालून केलेल्या लगद्यातून गाळलेल्या पाण्याचा. तू मोजलंस ते एकास अडीच पाण्यातलं, म्हणजे कितीतरी पातळ. तिथे दीड दिसलेली भारी माती लगद्याच्या अर्कात ४ च्या पुढे जाऊ शकते. ‘दीडच आहे, चारच्या आत आहे’ म्हणून शेतकऱ्याला निर्धास्त करून पाठवणारे लोक आहेत. आकडा लिहिताना तो कुठल्या द्रावणातला हे शेजारी लिहायची सवय आत्ताच लाव. जमल्यास लगदाही करून बघ : मातीत थेंबथेंब पाणी घालत ढवळायचं. पृष्ठभाग चमकू लागला, भांडं कलतं केल्यावर लगदा हळूच सरकला आणि सुरीवरून सुटून पडला, की झालं. रात्रभर ठेवून सकाळी निर्वात पंपाने गाळायचं. काळ्या मातीत पाणी जास्त होण्याचा मोह फार होतो.

आता बाबांच्या जिप्समबद्दल. क्षारयुक्त आणि चोपण या दोन वेगळ्या व्याधी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, सामू ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला, १५ टक्क्यांखाली. चोपणात वाहकता कमी, सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांवर. दोन्ही एकत्र असलेल्या जमिनीही तुमच्या पट्ट्यात सापडतात. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतो, म्हणून ते चोपणावरचं औषध आहे. निव्वळ क्षारयुक्त जमिनीत हटवायला सोडियम तेवढा नसतोच. आणि चोपणातही सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जायला वाट लागते. खाली पाणी उभं असेल तर तो जातो कुठे? म्हणून आधी निचरा, मग जिप्सम. तोही मोजून, मातीची जिप्समची गरज प्रयोगशाळेत काढून. शिरोळ-मिरज भागात साधारण मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचऱ्याची कामं झाली आहेत, ती जाऊन बघ. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे या विषयावर बोलता येईल. लवणतेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९६९ पासून हरियाणात कर्नालला आहे.

पैसे न घालवता एक चाचणी होते. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोड आणि हलवू नकोस. काही तासांत भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा संशय पक्का. ढेकूळ नुसतं विसकटलं आणि पाणी नितळ राहिलं, तर क्षार असूनही कण एकमेकांना धरून आहेत. ही चाचणी नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करू नकोस. त्यातलेच क्षार ढग दाबून टाकतात.

मामा म्हणतात तो पिशवीतला रिपोर्ट हे सगळं सांगतो का? मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा घटक असतात, सामू आणि वाहकता त्यात आहेत, पण विनिमययोग्य सोडियम नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना घेत. तुमचं दोन एकर म्हणजे जेमतेम ०.८ हेक्टर, ते शेजाऱ्याच्या चांगल्या जमिनीत मिसळून सरासरीत लपून जातं. पत्रिका वाईट नाही, तिचं काम खताची शिफारस करणं आहे. ‘का बिघडलं’ हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही.

सेंद्रिय कर्बाचंही असंच. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत अजून बहुतेक प्रयोगशाळांत चालते : एक ग्रॅम माती, १० मिलिलिटर एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, अर्धा तास थांबून उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. तुमच्या क्षारपड रानात क्लोराइड भरपूर असलं तर तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यासाठी गंधकाम्लात सिल्व्हर सल्फेट मिसळतात. ते महाग असल्यामुळे गाळलं जातं. मग नापीक रानाचा कर्ब ‘उत्तम’ येतो आणि सगळे चक्रावतात. यंत्रावर एकूण कर्ब मोजलास तर दुसरा सापळा तयार असतो : आपल्या काळ्या मातीतल्या चुनखडीचा कर्बही त्यात मोजला जातो. आधी आम्लाने चुनखडी घालवावी तरी लागते किंवा तिचा कर्ब वेगळा मोजून वजा करावा लागतो. आणि ते क्रोमियमचं हिरवं-नारिंगी पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळांतही ते ओतलं जातं, काय बोलावं.

एवढा तपशील मुद्दाम दिला, कारण तू विचारलेलं ‘काम नेमकं काय’ ते हेच आहे. बिघाड बहुतेकदा महागड्या यंत्रात होत नाही, तो पिशवी भरताना आणि आकडा वाचताना होतो. हे बारा नमुने करताना कंटाळा आला, तर पाच वर्षांची पीएच.डी. करू नकोस. पन्नासाव्या पिशवीचं लेबलही तितक्याच नीट लिहावंसं वाटलं, तर ये.

पुढचं शिक्षण. संशोधन संस्थेत स्वतःचा विषय चालवायचा असेल तर पीएच.डी. धरूनच चल. यूजीसी आणि सीएसआयआरची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ झाल्यावर ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. छात्रवृत्ती न मिळवता पीएच.डी.ला बसणं साडेचार एकरांच्या घराला परवडणारं नाही, हे स्पष्टच सांगतो. कृषी संशोधन सेवेत शास्त्रज्ञाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. पण तिथे पोचेपर्यंत वयाची तिशी येते. मधली वर्षं प्रकल्पावरच्या नेमणुकांत जातात. त्या वर्ष-दोन वर्षांच्या असतात आणि प्रकल्प संपला की संपतात. खासगी प्रयोगशाळेत पगार कमी असतो, पण एम.एस्सी.नंतर वर्षभर तिथे काढलंस तर कोरा नमुना, दुहेरी नमुना, प्रमाणित संदर्भ माती या आकडा पडताळण्याच्या गोष्टी हाडात मुरतात. मुलाखतीत ते लगेच दिसतं.

सल्लागार कंपन्यांत पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचं काम असतं. मान्यताप्राप्त कंपनीत मृद्संधारण आणि भूवापर यांचे तज्ज्ञ दाखवावे लागतात, म्हणजे जागा आहेत. काम मात्र निवडून घे. एका प्रकल्पाचं मातीचं पान दुसऱ्याला चिकटवणारी दुकानं या धंद्यात आहेत, आणि सही तुझी असते. केंद्राने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम केले आहेत. जड धातू आणि दूषित मातीचं शास्त्र येणाऱ्यांची गरज त्यामुळे वाढेल असा माझा अंदाज आहे.

कर्बाच्या बाजाराबद्दल, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे मिळण्याबद्दल, सध्या फार ऐकशील, म्हणून एक गणित. हेक्टरी कर्ब टनांत काढायचा तर कर्बाची टक्केवारी गुणिले स्थूल घनता (एक घन सेंटिमीटर माती किती ग्रॅम भरते) गुणिले सेंटिमीटरमधली खोली. ०.६ टक्के, १.३ आणि ३० सेंटिमीटर : २३.४ टन. घनता न मोजता कोणी १.५ धरली, तर तीच माती २७ टनांची होते. कर्ब तसूभर न वाढता हेक्टरी ३.६ टन ‘वाढला’. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून तिची घनता ओलाव्याप्रमाणे बदलते. ज्या कंपनीत मुलाखत देशील तिथे विचार, घनता कशी मोजता आणि कुठल्या ओलाव्यावर. उत्तर चाचरत आलं तर समजून जा.

सुटीत शिकण्यासारखं : क्यूजीआयएसवर नकाशा करणं आणि आर या संगणक भाषेत साधी सांख्यिकी. दोन्ही फुकट आहेत. नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी वापर नियोजन ब्यूरो आहे, प्रबंधासाठी तिथे अर्ज करून बघ. तिथल्यासारख्या कामात मातीचा उभा छेद वाचायला लागतो : दीड-दोन मीटर खोल खड्डा, सूर्यप्रकाश पडणारी भिंत, रंगाचा तक्ता, चुनखडी फसफसते का ते बघायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. नमुने खालच्या थरापासून वर घेत यायचे, नाहीतर वरची माती खाली सांडून खालचा नमुना बिघडतो.

आईंना सांग, की रानातलं काम मुख्यतः पिकं निघाल्यावर, कोरड्या महिन्यांत असतं आणि एकटीने जायचंच नाही. हा मुलींसाठीचा नियम नाही, सगळ्यांसाठीचा आहे, कारण काळ्या जमिनीतल्या खोल खड्ड्याची भिंत ओलीवर ढासळते. एकाने आत उतरायचं, दुसऱ्याने वर थांबायचं. जमीनमालकाची परवानगी आधी घ्यायची, गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) कळवून ठेवायचं, घोट्याच्या वर येणारे बूट घालायचे. स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. दिवसाचा मार्ग आखताना गावातली शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र मधे येईल असं बघायचं, आणि चमूत आणखी एक बाई असावी हा आग्रह मार्गदर्शकाकडे पहिल्या दिवशीच धरायचा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींशी फोनवर बोल. प्रबंधाच्या विषयापेक्षा ही चौकशी महत्त्वाची.

गिरमीट कॉलेजात नसेल तर साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडे किंवा डिग्रजच्या केंद्रात विचार. बारा पिशव्या पहिल्या वळवाच्या आधी भरल्या गेल्या पाहिजेत. एक मोठी सर आली, की वरच्या थरातला क्षार खाली सरकेल आणि पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागेल.